चपल आणि चप्पल : कोल्हापुरी बोलण्याच्या आठ ओळींवर भाष्य

आरशासमोर उभं राहून आधी 'चपल' म्हणा आणि मग 'चप्पल'. लक्ष ओठांकडे ठेवा. पहिल्या शब्दात ओठ मिटतात न मिटतात तोच उघडतात. दुसऱ्यात ते मिटतात आणि मिटलेलेच राहतात. आत हवा कोंडते, ओठांच्या कडा किंचित ताणल्या जातात, आणि मग 'पल' बाहेर पडतं. ओठ काही दोनदा मिटत नाहीत. कागदावर आपण दोन प काढतो, पण तोंडात प एकच असतो, उशिरा सोडलेला.

हेच दोन शब्द फोनवर रेकॉर्ड करून ध्वनीची लाट दाखवणाऱ्या एखाद्या प्रणालीत उघडावेत. ॲम्स्टरडॅमच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेली 'प्राट' ही प्रणाली फुकट मिळते. पडद्यावर स्वरांच्या जागी दाट लाटा दिसतात आणि प च्या जागी सपाट रेघ. 'चपल'मध्ये रेघ आखूड असते, 'चप्पल'मध्ये लांब. चपळ माणूस की पायातली वहाण, हे कानाला त्या रेघेची लांबी सांगते. त्या रेघेत आवाज नाही. इतक्या नेमक्या अर्थाचा भार शांततेच्या एका तुकड्यावर आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

ओठांनी किंवा जिभेने हवा रोखून धरण्याच्या या काळाला पुढे 'अडवण' म्हणतो. साध्या बोलण्यात एकेरी व्यंजनाची अडवण साधारण ६० ते १०० मिलिसेकंदांची असते. द्वित्त, म्हणजे 'चप्पल'मधल्या प्प सारख्या धरून ठेवलेल्या, व्यंजनाची त्याच्या दीडपट ते तिप्पट भरते, भाषेगणिक आणि माणसागणिक कमीजास्त.

भाष्यासाठी घेतलेल्या ओळी कुठल्या ग्रंथातल्या नाहीत. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की असं बोलणं दिवसभर कानावर पडतं. ते ऐकून मी या आठ ओळी एकत्र जुळवल्या आहेत. बोलणारा दुकानदार कुणी एक माणूस नव्हे.

या अण्णा, बसा. आत्ताच उघडलंय दुकान.

'अण्णा' हा शब्द कानडीतून आला, 'अक्का' आणि 'अप्पा' यांच्यासारखाच. कोल्हापुरात वडीलधाऱ्याला हाक मारायची तर द्वित्तावाचून चालत नाही. पण 'अण्णा'तल्या ण्ण ची अडवण 'चप्पल'मधल्या प्प सारखी मुकी नसते. जीभ टाळूला टेकून तोंडाची वाट बंद करते, पण नाकाची वाट उघडी असते, त्यामुळे सगळा वेळ एक गुणगुण चालू राहते. लांबलेली शांतता आणि लांबलेली गुणगुण या दोन्हींना आपण द्वित्तच म्हणतो, पण कानाचं काम दोन्हीकडे वेगळं आहे. प्प मध्ये कान दोन आवाजांमधलं अंतर मोजतो, ण्ण मध्ये आवाजच मोजतो.

या ओळीतला खरा शब्द 'आत्ताच' आहे. 'आता येतो' म्हणून गेलेला माणूस अर्ध्या तासानं आला तरी आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. 'आत्ता येतो' म्हणणाऱ्याचा पाय मात्र उंबऱ्यावर असावा लागतो. दोन शब्दांत स्वर तेच आहेत, व्यंजन तेच आहे, फरक त धरून ठेवण्याचा आहे.

इतिहासाच्या दृष्टीनं 'आत्ता' हा शब्द मराठीत असायलाच नको होता. संस्कृतातली जोडाक्षरं प्राकृतात द्वित्त झाली आणि मराठीत येताना ती द्वित्तं सुटली. सप्तचं सत्त झालं, सत्तचं सात. अष्ट, अट्ठ, आठ. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. व्यंजन आखूड झालं आणि त्याचा वाचलेला वेळ आधीच्या स्वराला मिळाला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथात हा बदल तपशिलानं मांडला आहे, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ग्रंथ १९४१ मध्ये मराठीत आणला. मला या बदलात एक काटेकोर हिशेब दिसतो. उच्चारशास्त्राच्या जुन्या शिक्षाग्रंथांत व्यंजनाची अर्धी मात्रा धरतात, ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाची दोन. व्यंजनाकडून काढलेला वेळ स्वराच्या खात्यावर जमा झाला आणि अवयवाचं, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारलेल्या तुकड्याचं, वजन टिकलं.

या हिशेबानं स्वर तरी दीर्घ असावा, नाहीतर व्यंजन तरी द्वित्त. 'गादी' आणि 'गद्दी', 'लाडू' आणि 'लड्डू' या जोड्या तेच सांगतात. 'आत्ता'मध्ये मात्र आ दीर्घ आहे आणि त ही द्वित्त आहे, म्हणजे वजन दोन्हीकडून घेतलं आहे. हा शब्द वारशानं आलेला नाही. बोलणाऱ्यानं 'आता' घेतलं आणि जोर देण्यासाठी त धरून ठेवला. पुढच्या ओळींत हीच युक्ती पुन्हा पुन्हा दिसेल, आणि या भाष्यात मला मुख्यतः तेच दाखवायचं आहे : प्राकृतातून आलेली द्वित्तं मराठीनं सोडली खरी, पण द्वित्ताची शक्ती सोडली नाही. ती तिनं बोलण्यातल्या जोरासाठी आणि काळाच्या बारकाव्यासाठी वापरली.

चप्पल बघायची का पायताण? हे पट्ट्याचं, हे बिनपट्ट्याचं.

'पायताण' या शब्दात द्वित्त नाही आणि 'चप्पल'मध्ये आहे, एवढ्यावरून शब्दांच्या घराण्याचा निकाल लावू नये. 'चप्पल'चं मूळ शोधण्यात मी इथे शिरत नाही.

'पट्टा' मात्र थांबून बघण्यासारखा आहे. संस्कृत पट्ट या एकाच शब्दापासून मराठीला दोन शब्द मिळाले, बसायचा 'पाट' आणि बांधायचा 'पट्टा'. पहिल्यात वर सांगितलेला हिशेब झाला, दुसऱ्यात ट्ट तसाच राहिला. एकाच घरातले दोन भाऊ, एकानं स्वर लांबवला, दुसऱ्यानं व्यंजन.

'पट्टा'मधल्या प च्या अकाराकडेही कान द्यावा. द्वित्ताच्या आधीचा स्वर अनेक भाषांत थोडा आखूड होतो. म्हणजे कानाला दोन खुणा एकदम मिळतात, आधीचा स्वर लवकर तुटला आणि मग शांतता लांबली. पण या खुणा घड्याळानं मोजून चालत नाहीत. १९६० साली पिकेट आणि डेकर या दोघांनी इंग्रजीतल्या 'टॉपिक' या शब्दातली प ची शांतता हळूहळू वाढवत नेऊन लोकांना ऐकवली. एका टप्प्यापुढे ऐकणाऱ्यांना 'टॉप पिक' असे दोन शब्द ऐकू येऊ लागले. तो टप्पा कुठे येतो हे भोवतालच्या वाक्याच्या वेगावर ठरत होतं. वाक्य भरभर बोललेलं असेल तर थोडी शांतताही पुरत होती. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुकानदार भरभर बोलतो तेव्हा त्याचा द्वित्त ट्ट निवांत बोलणाऱ्याच्या एकेरी ट एवढाच भरण्याचा संभव असतो. तरी 'पट्टा' कुणी 'पटा' ऐकत नाही. कान शेजारच्या अक्षरांशी तोलून मापतो.

आपल्या छंदशास्त्राला हे वजन फार आधीपासून माहीत आहे. जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर गुरू होतं, पण आघात येत असेल तरच. 'पट्टा'तला प गुरू आहे. 'तुमच्या'तला म तसा जड होत नाही, कारण तिथे च्या म्हणताना जीभ रेंगाळत नाही. वृत्तात लिहिणाऱ्या कवींनी कागदावरच्या जोडाक्षराला फसू नये म्हणून ही सवलत ठेवली, आणि ध्वनीची लाट बघितली तर कवींचा कान बरोबर होता असंच म्हणावं लागतं. फक्त त्यांनी गुरुत्व आधीच्या स्वराच्या नावावर लिहिलं. लाटेत तो वेळ स्वरात नसून अडवणीत दिसतो.

आमच्या आज्ज्यानं घालून दिल्यालं काम हाय ह्ये.

पुणेकर 'आजोबा' म्हणतो. कोल्हापुराकडे 'आज्जा' आणि 'आज्जी'. संस्कृत आर्य, प्राकृत अज्ज, मराठी आजा, असा सरळ प्रवास आहे, 'सात' आणि 'आठ' यांच्यासारखाच. कानडीत आजोबांना 'अज्ज' म्हणतात. कोल्हापूरच्या 'आज्जा'त मराठीचा लांब आ आहे आणि कानडीचा लांब ज्ज. दोन्ही भाषांनी आपापला वाटा दिलेला हा शब्द आहे असं मला वाटतं, आणि सीमेवरच्या गावात तसं घडणं स्वाभाविक आहे.

ज्ज ची अडवण च्च सारखीच दोन भागांची असते. आधी जीभ टाळूला चिकटून हवा पूर्ण थांबते, मग घासत सुटते. लांबतो तो मुख्यतः पहिला भाग. घासण्याचा भाग ताणून 'आजा' म्हणून बघा, तो 'आज्जा' होत नाही, नुसता घसरतो.

आता 'दिल्यालं'. लिहिताना 'दिलेलं', गावाकडे 'दिल्यालं'. दुकानदाराचा कॉलेजात जाणारा मुलगा गल्ल्यावर बसला असेल तर त्याच्या तोंडून 'दिल्लं काम' असंही येईल. भरभर बोलताना मधला ए गळतो आणि दोन ल एकमेकांवर येऊन बसतात. 'केलेलं'चं 'केल्लं', 'गेलेला'चं 'गेल्ला', 'आलेला'चं 'आल्ला'. 'मी काम केलं' आणि 'मी केल्लं काम' ही दोन वाक्यं जवळजवळ ठेवून बघा. पहिल्यात केवळ घडलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात घडून गेलेली, आता हातात असलेली गोष्ट आहे. दोन्हींतला फरक जिभेची टेकण किती वेळ वर राहिली एवढाच उरला आहे. लेखनाच्या डोळ्यांना ही घाईतली चूक वाटते. मला इथे व्याकरण घडताना दिसतं.

आणि ते शेजारी घडून चुकलं आहे. गोव्याच्या कोंकणीत 'गेलो' म्हणजे गेला, 'गेल्लो' म्हणजे गेला होता किंवा गेलेला. तिथे ल आणि ल्ल यांच्यातला फरक काळाचा फरक आहे, आणि तो लिहिलाही जातो. मराठी बोलण्यात जे अजून घाईघाईत होतं ते कोंकणीत नियम झालं आहे.

काल चिकोडीचं पाव्हणं आल्तं, चार जोड घिऊन गेलं.

पाहुण्यांचं गाव मराठीत 'चिकोडी' आणि कानडीत 'चिक्कोडी'. 'हुबळी' आणि 'हुब्बळ्ळी'चंही तेच. गाव एकच, रस्ता एकच, क एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. माल दोन्हीकडे तोच आहे, मात्रा बदलते.

'हुब्बळ्ळी'तला ळ्ळ मराठी तोंडात का टिकला नाही याचं कारण ळ च्या स्वभावात आहे. दोन स्वरांमधला मराठी ळ म्हणजे जिभेचं टोक मागे वळून टाळूला मारलेला एक फटका. फटका लांबवता येत नाही. लांबवायचा तर तो फटका राहत नाही, जीभ टेकवून धरावी लागते, आणि ती सवय कानडी तोंडाला आहे, आपल्याला नाही.

'आल्तं' हे 'आलं होतं'चं आटलेलं रूप. तिथे द्वित्त नाही, म्हणून पुढे जातो.

नंबर मोठ्ठा लागंल तुमास्नी. थांबा, काढतो.

'मोठा' आणि 'मोठ्ठा' यांच्यात मापाचा फरक नाही, बोलणाऱ्याच्या मनाचा आहे. लहान मूल गोष्ट सांगताना 'मोठ्ठा राक्षस' म्हणतं तेव्हा ते ठ वर हात पसरल्यासारखं थांबतं. 'सगळं'चं 'सग्गळं' होतं तेव्हाही तेच.

अरबीत ही युक्ती क्रियापदाच्या व्याकरणात आहे. 'कसर' म्हणजे तोडलं, 'कस्सर' म्हणजे तुकडे तुकडे केले. 'दरस' म्हणजे शिकला, 'दर्रस' म्हणजे शिकवलं. मधलं व्यंजन लांबलं की क्रिया जोरात होते किंवा दुसऱ्याकडून करवली जाते. मराठीत शिकणं आणि शिकवणं यांतला फरक प्रत्यय करतो, द्वित्त फक्त जोर देतं. पण जोरासाठी व्यंजन धरून ठेवावं असं बसऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या माणसाला सारखंच सुचलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ठ्ठ चं लेखन. मराठीत 'चिठ्ठी', 'पठ्ठ्या', 'मोठ्ठा' असे दोन ठ लिहितात, हिंदीत 'चिट्ठी'. उच्चारात श्वासाचा झोत एकदाच सुटतो, तोही शेवटी. अडवण चालू असताना ह बाहेर पडूच शकत नाही, कारण वाट बंद आहे. म्हणजे उच्चाराला जवळचं लेखन हिंदीचं आहे. मराठीनं दोन सारखी अक्षरं लिहिली ती डोळ्याच्या सोयीसाठी, आणि त्यात काही बिघडत नाही. मराठीचे महाप्राण एरवीही ध्वनिशास्त्राच्या चर्चेत आले आहेत. लिस्कर आणि एब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांतल्या शब्दारंभीच्या स्पर्शव्यंजनांची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत मराठी होती. अडवण सुटणं आणि कंठ थरथरू लागणं या दोन क्षणांमधला वेळ त्यांनी मोजला. प, फ, ब, भ या चौघांतले ब आणि भ त्या एका मापानं वेगळे पडत नाहीत, हे तेव्हाच दिसून आलं.

दराचा मुद्दा काढू नगासा, हक्काचं दुकान हाय तुमचं.

ही ओळ मी मुद्दाम घेतली. 'मुद्दा', 'हक्क' आणि 'दुकान' हे तिन्ही शब्द मुळात अरबी आहेत, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले, आणि तिन्हींत मुळात द्वित्त होतं. 'हक्क'मध्ये ते राहिलं, 'मुद्द्या'तही राहिलं. 'दुकान' अरबीत 'दुक्कान' आहे, आपल्याकडे त्याचा क एकेरी झाला. रोज शंभरदा तोंडात येणारा शब्द, आणि त्यातलं द्वित्त कुठे हरवलं याची कुणाला आठवणही नाही.

अरबी लेखनात द्वित्त दाखवायला अक्षरावर 'शद्दा' नावाची लहानशी खूण देतात. तिचा आकार शीन या अक्षराच्या डोक्यावरून घेतलेला आहे, आणि ती खूण परंपरेनं आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या अल्-खलील इब्न अहमद या व्याकरणकाराच्या नावावर आहे. रोजच्या लेखनात ती गाळली जाते. मग 'हमाम' म्हणजे कबुतरं आणि 'हम्माम' म्हणजे स्नानगृह हे दोन शब्द कागदावर तंतोतंत सारखे दिसतात, संदर्भावरून ओळखावे लागतात. आपण स्नानाच्या जागेला 'हमाम' म्हणतो. म्हणजे अरबाच्या कानाला आपला शब्द कबुतरांचा आहे.

'खास' आणि 'आम' यांचंही तेच झालं. अरबीत ते 'खास्स' आणि 'आम्म' आहेत, दीर्घ स्वर आणि वर द्वित्त. अरबी तोंडाला ही दोन्ही ओझी एकदम पेलतात. लेबनानी अरबीवर घादा खत्ताब आणि जलाल अल-तमीमी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषय हाच होता : लांब-आखूड स्वर आणि लांब-आखूड व्यंजन शेजारी आले की वेळेची वाटणी कशी होते. मराठीनं उसन्या शब्दांना आपला जुना हिशेब लावला. 'दुकान', 'हमाम' असे अपवाद सोडले तर, स्वर ऱ्हस्व असेल तिथे द्वित्त ठेवलं, 'हक्क', 'हद्द', 'रद्द', 'जिद्द', 'हिस्सा', 'किस्सा'. स्वर दीर्घ असेल तर द्वित्त सोडलं, 'खास', 'आम'. प्राकृताच्या वेळचा कान शेकडो वर्षांनी फारसी दफ्तरातल्या शब्दांनाही तेच माप लावत होता. 'आत्ता' म्हणणारा माणूस हा नियम मोडतो तेव्हा त्याचा जोर का जाणवतो, तेही इथे उमगतं.

हिंदीशी ताडून बघितलं तर मराठी द्वित्त राखण्यात जास्त आग्रही दिसते. हिंदी 'हक', 'हद' म्हणते, आपण 'हक्क', 'हद्द'. पण शब्दाच्या शेवटी असलेलं द्वित्त ऐकवणं सोपं नाही. 'हक्क' म्हणून क वरच थांबलं तर पुढे आवाज नाही, आणि शांततेची लांबी मोजायला कानाला दुसरी कड मिळत नाही. म्हणून आपण शेवटी अर्धवट अ सोडतो. 'हक्काचं' म्हटलं की ती अडचण राहत नाही.

आणि कधी कधी मराठीनं मुळात नसलेलं द्वित्त घातलं. अरबी 'अक्ल', 'नक्ल', 'शक्ल' यांची 'अक्कल', 'नक्कल', 'शक्कल' झाली. शेवटचं जोडाक्षर आपल्या जिभेला जड, म्हणून मध्ये अ घातला. पण मग पहिला अवयव हलका पडला असता, तो क धरून ठेवून पुन्हा जड केला. 'जुमअ'चा 'जुम्मा' आणि 'कलअ'चा 'किल्ला' होताना अरबीतला ऐन हा घशातला वर्ण गेला आणि त्याची रिकामी जागा शेजारच्या म नं आणि ल नं भरली. 'रबी'चं 'रब्बी' मात्र या दोन्ही कारणांत बसत नाही. तिथे बहुधा आपल्या कानाला ब चा भारच आवडला.

'मुद्दा'तल्या द्द ला एक शारीरिक अडचण आहे. द म्हणताना कंठ थरथरत राहावा लागतो, आणि त्यासाठी फुप्फुसातून हवा वर येत राहावी लागते. पण तोंडाची वाट बंद आहे. आत हवा साचते, कंठाच्या वरचा आणि खालचा दाब सारखा होतो आणि थरथर मावळते. अडवण जितकी लांब तितकं द्द ला द राहणं कठीण. तोंड यावर उपाय करतं. गाल किंचित फुगतात, कंठमणी थोडा खाली जातो, हवेला जागा मिळते. गळ्यावर बोट ठेवून 'जिद्द' सावकाश म्हणा, थरथर आधी येते, मग विझत जाते.

कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांनी आणलेले गायक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या नावातही द्वित्त आहे, पण ल चं. ल अडवतो तेव्हा हवा जिभेच्या कडांनी वाहत राहते, आवाज चालू असतो, म्हणून ल्ल वर सूर धरता येतो. प्प वर येत नाही. अडवण सुरू झाली की सूर संपतो.

कातडं पक्कं हाय, चालताना करकर ऐका.

संस्कृत पक्वपासून प्राकृतात पक्क आणि पिक्क अशी दोन रूपं झाली. पिक्कपासून शेतातलं 'पीक', पक्कच्या बाजूला आपलं 'पक्कं'. क्क ची अडवण तोंडाच्या अगदी मागे होते, बाहेरून काहीच दिसत नाही.

'करकर' नव्या कोल्हापुरी चपलेची. कुणी 'कर्रकर्र' म्हणतं, आणि ते नुसतं अनुकरण नाही. एकेरी र म्हणजे जिभेचा एक ठोका, द्वित्त र्र म्हणजे ठोक्यांची माळ. इथे लांबवणं म्हणजे धरणं नव्हे, पुन्हा पुन्हा करणं.

याच ठिकाणी ड आठवतो. तालमीत पैलवान मांडीवर थाप मारून 'शड्डू' ठोकतो. 'गाडी'तला ड पटकन वळून मारलेला फटका आहे, वर सांगितलेल्या ळ सारखा. 'शड्डू' आणि 'अड्डा' यांतला ड मात्र घट्ट टेकतो. द्वित्त झाल्यावर लांबी वाढते, त्याहून अधिक म्हणजे वर्णाची जातच बदलते. हे ऐकायचं असेल तर 'लाडू' आणि 'लड्डू' लागोपाठ म्हणावं.

पट्टा तुटला तर या, फुक्कट शिवून देतो.

'फुकट' म्हणून भागलं असतं. पण दुकानदारानं क धरून ठेवला, अण्णांकडे बघत, आणि त्या अर्ध्या क्षणात दुकानात कुणाचाच आवाज नव्हता. अण्णांनी चप्पल पायात घातली.